माधुरीची चार वर्षं



आठवतं? गॅदरिंगला ‘तेजाब’च्या गाण्यावर नाचू द्या, म्हणून आम्ही मुली बाईंच्या मागे लागलो होतो. बाईंनी आमच्या हाती खंजिरी दिली! शेवटी मोझरीच ती.

पुढे अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी माझे दोन विषय गेले. कॉलेज सोडायचं ठरवून मी घरी आले. एसटी स्टँडवर बाई भेटल्या. सगळं ऐकून म्हणाल्या, “पोरी, तुझ्या त्या माधुरीचा पहिला पिच्चर पडलाच होता ना?”

खरंच होतं. माधुरी दीक्षितचा ‘अबोध’ १९८४ साली आला आणि पडला. ‘स्वाती’, ‘उत्तर दक्षिण’ आले-गेले, नाव झालं नाही. एन. चंद्रांचा ‘तेजाब’ आला १९८८च्या नोव्हेंबरात. मग ‘राम लखन’, ‘त्रिदेव’, ‘दिल’ला फिल्मफेअर. आपण ‘तेजाब’पासून मोजतो, तिनं त्याआधीची चार वर्षंही काम केलं होतं.

मी कॉलेजला परत गेले. आज टीममधल्या नव्या मुलांचा पहिला प्रोग्राम फसला, की त्यांना ‘अबोध’ची गोष्ट सांगते.

बाई, तुम्ही समोर बसला आहात. ते दोन्ही विषय सुटले, हे तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं होतं.