किती गेले नव्हे, कोण गेले
(मुरगूड येथील प्रार्थनासभेत केलेले भाषण)



आपण वेदगंगेकाठची माणसं. आपल्याकडं पुराचा विषय निघाला की कुणी भिंतीकडं बोट दाखवतं आणि म्हणतं, "2005 ला पाणी इथंवर होतं, 2019 ला त्याच्याही वर." भिंतीवरची ती खूण आपली आठवण सांभाळते. पण जिथं भिंतच उरली नाही, तिथं माणसं कशाकडं बोट दाखवत असतील? आज मला त्याविषयी बोलायचं आहे.

30 जुलै 2014. पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला माळीण हे गाव. वस्ती बहुतेक महादेव कोळी समाजाची. आदल्या दिवसापासून मुसळधार पाऊस होता. सकाळी डोंगराचा कडा सुटला आणि गाव चिखलाखाली गेलं. नेहमीच्या फेरीला आलेल्या एसटीच्या चालकाला रस्त्यापुढं गावच दिसेना, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. 151 माणसं गेली.

त्यानंतर काही वर्षांनी आदिवासी पाड्यांवरच्या कामानिमित्त मी त्या भागात गेले होते. एका पाड्यावर एक बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांचं माहेर माळीणचं. मी वही काढली आणि विचारलं, "तुमच्या घरातले किती गेले?" त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाल्या, "ताई, जो येतो तो किती गेले ते इचारतो. कोण गेलं ते कोणी इचारत नाही."

मी वही मिटली. मग त्या आपणहून बोलू लागल्या. कुणाचा हात भात लावताना सगळ्यात चपळ होता, हिरडा गोळा करायला कोण पहाटेच निघायचं, कुठली भावजय हसायला लागली की थांबायची नाही. चिखलाबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. सूप रिकामं झालं तरी नावं संपली नव्हती.

तेव्हापासून मी लक्ष देऊन ऐकते. आपण बाहेरचे लोक त्या दिवसाबद्दल बोलतो: केवढा पाऊस, केवढा ढिगारा, किती मृतदेह. ज्यांचं गेलं ते त्या दिवसाच्या आधीबद्दल बोलतात.

आणखी एक बोलणं असतं, ते दोष देण्याचं. माळीणनंतर चर्चा झाली की यंत्रं लावून डोंगरउतारावर जमीन सपाट केली म्हणून हे घडलं. पडकई म्हणजे उतारावर बांध घालून भातखाचरं काढणं, ही तिथल्या लोकांची जुनी रीत. एकमेकांच्या शेतावर राबून, हातानं केलेली. यंत्रं आली ती मागाहून. कारणं शोधलीच पाहिजेत. पण कारण शोधता शोधता मेलेल्यांनाच आरोपी करणं सोपं जातं.

इथं मला स्वतःची एक चूक कबूल करायची आहे. त्या वर्षी एका सभेत आपल्यातल्याच एका भावानं म्हटलं, "देवाचा कोप झाला, दुसरं काय!" मी धर्मशास्त्र शिकलेली बाई, तरीही गप्प बसले. वास्तविक लूकच्या तेराव्या अध्यायात प्रभूनं हाच प्रश्न हाताळला आहे. शिलोहाचा बुरूज पडून अठरा जण मेले होते. ते इतरांपेक्षा अधिक पापी होते काय, असं प्रभूनं विचारलं आणि स्वतःच नाही म्हणून सांगितलं. मग त्यानं ऐकणाऱ्यांचं लक्ष मेलेल्यांवरून काढून त्यांच्या स्वतःच्या जिण्याकडं वळवलं. मी त्या दिवशी एवढं तरी बोलायला हवं होतं.

कारण आपण विसरलो की काय होतं ते पुढं दिसलं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यात तळिये गावावर दरड आली. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळवाडी गेली. ठाकर समाजाची वाडी, वर जायला धड रस्ता नाही. 27 मृतदेह मिळाले. 57 जणांना बेपत्ता ठरवून शोध थांबवला. धोक्याच्या ठिकाणांच्या यादीत ही वाडी नव्हती, असं सरकारकडूनच सांगण्यात आलं. दर वेळी आपण म्हटलं, "माळीणसारखंच झालं." माळीणचं नाव आठवलं; माळीणचा धडा मात्र आठवला नाही.

यहोशवाच्या पुस्तकात यार्देन ओलांडल्यावर लोकांनी नदीतून बारा धोंडे उचलून आणले. कशासाठी? पुढं लेकरांनी विचारलं, हे धोंडे कसले, तर सांगता यावं म्हणून. आठवण ही पुढच्या पिढीच्या प्रश्नासाठी असते.

म्हणून आपल्या कामासाठी दोन गोष्टी मागते. पहिली, आपण जातो त्या प्रत्येक पाड्याची एक वही करू. घरटी माणसांची नावं, म्हातारी आणि लेकरं किती, उतारावर नवी भेग पडली आहे का, झरा एकाएकी गढूळ झाला आहे का, पाऊस चढला तर रात्री झोपायला कुठं जायचं. ही वही पावसाळ्याआधी भरायची आणि तिची प्रत तहसील कचेरीत द्यायची. त्यासाठी मे महिन्यात आपल्यातली तरुण मुलं हवीत. ताडपत्र्या आणि बॅटऱ्या देणारे हातही हवेत.

दुसरी गोष्ट फुकटची आहे. दुःखात असलेल्या घरी गेलात, तर आकडा विचारू नका. नाव विचारा, आणि मग बसून ऐका.

देव आपणाला ऐकणारे कान देवो. आमेन.