हमीदाराविना पारपत्र

(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



कॅनडातील माझ्या वास्तव्याविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. तेथील बर्फाची व धबधब्यांची वर्णने आपण पुष्कळ ऐकली असतील. म्हणून मी एक रुक्ष वाटणारा, परंतु तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या मुलांना ऐन वेळी अडवणारा विषय निवडला आहे. तो विषय म्हणजे पारपत्राच्या, म्हणजेच पासपोर्टच्या, अर्जावरील हमीदार.

काही वर्षांपूर्वी एका रात्री आपल्याच ज्ञातीतील एका तरुणाचा मला दूरध्वनी आला. त्याच्या मातोश्री रत्नागिरीस अत्यवस्थ होत्या. त्याने नुकतीच कॅनडाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली होती. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यानुसार, जो स्वेच्छेने परक्या देशाचे नागरिकत्व पत्करतो त्याचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येते. त्यामुळे जुने पारपत्र निरुपयोगी झाले होते आणि नवे अद्याप हाती आले नव्हते. अर्ज भरून तयार होता. केवळ हमीदाराची जागा रिकामी होती. तो म्हणाला, “काका, तुम्ही सही करा. ओळख दोन वर्षांची आहे एवढेच लिहायचे.”

वस्तुतः आमची ओळख जेमतेम आठ महिन्यांची होती. मी नकार दिला. पारपत्रासाठी जाणूनबुजून खोटे विधान करणे हा त्या देशात फौजदारी गुन्हा आहे, हे मला ठाऊक होते. परंतु नकाराबरोबर दुसरा मार्ग दाखवणे हेही माझे कर्तव्य होते, आणि तो मार्ग मला ठाऊक नव्हता. माझ्या अज्ञानापायी त्या मुलाचे दोन दिवस वाया गेले. आजचे भाषण हे त्या दोन दिवसांचे प्रायश्चित्त समजावे.

प्रथम नियम सांगतो. आपल्याकडे अर्जदाराची चौकशी पोलिसांकडून होते. कॅनडात अर्जदाराची ओळख पटवण्याचा भार एका सामान्य नागरिकावर टाकलेला आहे. पूर्वी डॉक्टर, वकील, धर्मोपदेशक अशा ठराविक व्यवसायांतील मंडळींनाच हमीदार होता येई. १ ऑक्टोबर २००७ पासून ते बंधन सैल झाले. आता हमीदार अठरा वर्षांवरील असावा. अर्जदारास किमान दोन वर्षे ओळखणारा असावा. आणि त्याच्याजवळ स्वतःचे कॅनडाचे पारपत्र असावे. हे पारपत्र चालू असावे किंवा त्याची मुदत संपून एक वर्षाहून अधिक काळ लोटलेला नसावा. हमीदाराने अर्जावर आणि एका छायाचित्राच्या पाठीमागे सही करावयाची असते. या कामाचा मोबदला त्याने घ्यावयाचा नसतो. तो नातलग असला तरी चालतो. मात्र अर्जात याखेरीज ज्या दोन परिचितांची नावे द्यावी लागतात, ते नातलग असून चालत नाहीत. या दोन नियमांची गल्लत पुष्कळांकडून होते.

आपणांस वाटेल, एवढ्या मोठ्या देशात एक हमीदार मिळू नये? अडचण अशी की, नवागतांना जे खरोखर ओळखतात ते बहुधा त्यांच्यासारखेच नवागत असतात. त्यांच्याजवळ कॅनडाचे पारपत्र नसते. आणि ज्यांच्याजवळ ते असते, त्या शेजाऱ्यांशी व कचेरीतील सहकाऱ्यांशी दोन वर्षांचा परिचय झालेला नसतो. नोकरीसाठी गाव बदलले की ओळखीचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून! आमच्या या तरुणाने तीन वर्षांत तीन शहरे पाहिली होती.

अशा माणसासाठीही कायद्याने दार उघडे ठेवले आहे. हमीदाराऐवजी शपथेवर निवेदन करण्याचा एक स्वतंत्र नमुना आहे. तो पासपोर्ट-कार्यालयात मागितल्यास मिळतो. तो भरून नोटरीसमोर अथवा शपथ देण्याचा अधिकार असलेल्या अन्य अधिकाऱ्यासमोर सही करावयाची असते. ‘मला योग्य हमीदार मिळत नाही’ हे सत्यच तेथे शपथेवर सांगावयाचे असते. त्यात कमीपणा काहीच नाही. दोन परिचितांची नावे मात्र याही वेळी द्यावी लागतात.

तिसऱ्या दिवशी एका सहकाऱ्याकडून मला हे कळले. त्याच दुपारी मी त्या तरुणाला घेऊन नोटरीकडे गेलो. तातडीच्या सेवेने पारपत्र मिळाले, मग भारताचा व्हिसा मिळाला, आणि तो घरी पोहोचला तेव्हा मातोश्रींनी त्याला हाक मारून जवळ बसवले. त्या पुढे नऊ दिवस होत्या. माझे दोन दिवस त्या नवांत मिळाले असते तर अकरा झाले असते, हा हिशेब मी अजून विसरलेलो नाही.

बंधुभगिनींनो, ‘जामीन राहू नये’ हा आपल्या वाडवडिलांचा उपदेश. कर्जापायी घरावर जप्ती आलेली त्यांनी पाहिली होती. पण हा हमीदार पैशाचा जामीन नव्हे. ‘या माणसास मी ओळखतो’ एवढीच साक्ष त्याने द्यावयाची असते. तेव्हा ओळख खरी असेल तर ही साक्ष देण्यास कचरू नये. आणि खरी नसेल तर ज्ञातिप्रेमाच्या नावाखाली ती देऊ नये. ज्ञात एक असली म्हणून आठ महिन्यांची दोन वर्षे होत नाहीत.

आपली मुले तिकडे असतील तर त्यांना माझे दोन निरोप सांगावे. नागरिकत्व मिळताच, कोणाचे आजारपण येण्याची वाट न पाहता, पारपत्राचा अर्ज करावा. आणि घरात लहान मूल असेल तर त्याच्या प्रत्येक अर्जास हमीदार लागतो, हे ध्यानात ठेवावे. तेथे हमीदाराची दोन वर्षांची ओळख अर्ज करणाऱ्या आईशी किंवा वडिलांशी असावी लागते. म्हणून नव्या गावी गेल्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांशी येणेजाणे ठेवावे.

तो तरुण त्या रात्री माझ्यावर रुसला होता. आज तो स्वतः इतरांचा हमीदार होतो, आणि सही करण्यापूर्वी प्रत्येकास विचारतो, “आपली ओळख केव्हापासूनची?” हे ऐकले की मला समाधान वाटते.