कोठडीतला परदेशी आणि आपलं तालुका कोर्ट



शिरूरला घोड नदी ओलांडली की नगर जिल्हा, दौंडला भीमा ओलांडली की श्रीगोंदा. २०२०च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या साथीत, नदीपलीकडच्या त्याच जिल्ह्यात मशिदींत उतरलेल्या तबलिगी जमात या धर्मप्रचारक संघटनेच्या परदेशी सदस्यांवर गुन्हे दाखल झाले. इंडोनेशिया, घाना, टांझानिया अशा देशांचे हे लोक रीतसर व्हिसावर आलेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. साथीत सरकार बळीचा बकरा शोधतं, असंही खंडपीठानं स्पष्ट बजावलं.

पण या मंडळींकडे निदान व्हिसा तरी होता. कागदपत्रांशिवाय पकडलेल्या मजुराचं काय?

सर्वोच्च न्यायालयानं २३ मार्च २०२० रोजी तुरुंगातली गर्दी कमी करण्यासाठी राज्याराज्यांत समित्या नेमायला सांगितल्या. आपल्याकडे न्यायमूर्ती अ. अ. सय्यद यांची समिती होती. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यातल्या कच्च्या कैद्यांना तात्पुरता जामीन द्यावा, असं तिनं ठरवलं. त्यातून परदेशी नागरिक मात्र तूर्त वगळले, आणि परराज्यातले रहिवासीसुद्धा! म्हणजे रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात राबणारा बिहारी कामगार आणि बांगलादेशी माणूस एकाच रांगेत. एका बराकीत शेजारी झोपणाऱ्या दोघांपैकी इथल्यानं घरी जायचं, बाहेरच्यानं तिथंच राहायचं, हे मला तेव्हाही पटलं नव्हतं.

आसामात मात्र चित्र थोडं वेगळं होतं. परकीय ठरवून डांबलेल्यांच्या सुटकेसाठी पूर्वी एक लाखाचा जातमुचलका लागे. १३ एप्रिलला सर्वोच्च न्यायालयानं तो पाच हजारांवर आणला आणि सुटकेआधीच्या किमान कैदेची अट तीन वर्षांवरून दोन वर्षं केली. तरी दोन जामीनदार लागतच होते.

गाडं नेहमी इथंच अडतं. जामीन मंजूर होतो, पण ज्याचं इथं कुणी नाही, त्यानं सातबारा कुणाचा आणायचा? साथीत तर तुरुंगातल्या मुलाखतीही बंद होत्या. अशा वेळी विधी स्वयंसेवकाचं, म्हणजे वकील नसूनही कायदेशीर मदत मिळवून देणाऱ्या कार्यकर्त्याचं, काम फार साधं असतं, पण ते दुसरं कुणी करत नाही. घरच्यांचा फोन नंबर मिळवायचा, भाषा समजणारा माणूस शोधायचा, वकिलातीला कळवलं का ते विचारायचं, जामीनदाराऐवजी रोख जामिनाचा अर्ज करायला वकिलांना सुचवायचं.

१९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२प्रमाणे कोठडीतल्या कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. तिथं उत्पन्नाचा दाखला लागत नाही. कायद्यात शब्द ‘व्यक्ती’ असा आहे, ‘नागरिक’ असा नाही. पोलिसांनी कुणाला धरून नेलं आणि त्याच्यामागं विचारणारं कुणी नाही असं दिसलं, तर आपल्या तालुका विधी सेवा समितीत जाऊन सांगा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलेलं तिथं लिहून घेतात.