केंडलमधली शिरगणती

नोव्हेंबर 2000 मधल्या एका रविवारी, उत्तर इंग्लंडमधल्या केंडल गावातल्या चर्चमध्ये किती माणसं येतात याची चक्क मोजणी झाली. चर्च सोडणारे लोक योग, रेकी, ध्यान अशा वाटांना लागतात का, हे लँकेस्टर विद्यापीठाच्या पॉल हीलस आणि लिंडा वुडहेड यांना तपासायचं होतं. चर्चमध्ये भरले गावातले 7.9 टक्के, नव्या वर्गांना आणि उपचारांना आठवडाभरात जेमतेम 1.6 टक्के. म्हणजे चर्चमधून उठलेली पंगत काही योगवर्गात जाऊन बसलेली नव्हती. तरीही 2005 मधल्या त्यांच्या पुस्तकाच्या नावात ‘आध्यात्मिक क्रांती’ आहेच!

चर्च ओसरतंय आणि हा प्रवाह वाढतोय, तेव्हा आजचा आकडा लहान असला तरी दिशा बघा, असा त्यांचा युक्तिवाद. दिशा मान्य. पण या वर्गांना येणाऱ्यांपैकी साधारण 55 टक्क्यांनीच आपल्या उपक्रमाला आध्यात्मिक अर्थ दिला होता. उरलेल्यांची गणना अध्यात्मात कशी करायची, हा समाजशास्त्रज्ञ डेव्हिड व्होस आणि स्टीव्ह ब्रूस यांचा आक्षेप मला बिनतोड वाटतो. मात्र येणाऱ्यांत सुमारे 80 टक्के स्त्रिया होत्या, आणि क्रांतीच्या गाजलेल्या दाव्यापेक्षा या संशोधनातली मोलाची नोंद हीच आहे.