जुना रेकॉर्डर, जुन्या कॅसेटी

भादव्याची पौर्णिमा आली की आपल्याकडे भुलाबाई बसते, ती कोजागिरीपर्यंत. गाणी रेकॉर्ड करायची म्हणून गटाच्या पेटीतला रेकॉर्डर निघतो, आणि वर्षभर पडून असल्यानं तो सुरूच होत नाही. मग "बिघडला" म्हणून तो परत पेटीत जातो. तसं करू नका.

आधी सेलचं झाकण उघडा. स्प्रिंगवर पांढरी भुकटी दिसली तर अल्कलाइन सेल पाझरले आहेत. सेल काढून टाका. कापसाच्या काडीवर लिंबाच्या रसाचे एक-दोन थेंब घेऊन ती भुकटी पुसा, मग दुसऱ्या काडीवर थोडं स्पिरिट घेऊन पुसा आणि पूर्ण सुकू द्या. रस आत ओघळू द्यायचा नाही. कित्येक रेकॉर्डर एवढ्यानंच चालू होतात. चार्जिंगचे सेल घालत असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला. साधा सेल 1.5 व्होल्टचा आणि चार्जिंगचा 1.2 व्होल्टचा असतो, त्यामुळे मशीन उगाच "सेल संपले" सांगते. आणि काम झालं की सेल काढूनच ठेवायचे, बाई.

मशीन सुरू होते पण आवाज खरखरतो, मधेच जातो? एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. बाहेरचा माईक काढा आणि मशीनच्या स्वतःच्या माईकवर बोला. आवाज स्वच्छ आला तर दोष वायरीत किंवा माईकमध्ये आहे. बहुतेक वेळा तो वायरीतच असतो, पिनेजवळ, जिथे ती दुमडते. हेडफोन लावून तिथे वायर हलवली की कळतं. नुसत्या वायरीसाठी नवीन रेकॉर्डर घेतलेले गट आहेत, म्हणून हे सांगते आहे. पीन घालायचं भोकच ढिलं झालं असेल तर बाजारातला मोबाइल दुरुस्तीवाला ते डाग देऊन पक्कं करू शकतो.

कार्ड चुका दाखवत असेल तर आधी त्यातलं सगळं संगणकावर उतरवा, नंतरच ते रेकॉर्डरमध्ये घालून फॉर्मॅट करा. एकदा दगा दिलेल्या कार्डावर म्हातारीच्या ओव्या भरू नका. नवीन कार्ड घेताना मशीनची मर्यादा बघा. बरेच जुने रेकॉर्डर 32 जीबीपर्यंतचंच कार्ड घेतात. तेवढं पुष्कळ झालं. चांगल्या प्रतीच्या स्टिरिओ रेकॉर्डिंगला मिनिटाला साधारण 10 एमबी लागतात, म्हणजे पन्नासेक तास मावतात.

दुरुस्त केलेलं भोक पुन्हा ढिलं झालं, नवे सेलही तासाभरात उतरू लागले, तर मात्र नवीन घ्या. साध्या सेलवर चालणारा, हेडफोनला जागा असलेला, आवाजाची पातळी हातानं ठरवता येणारा बघा. लाइट गेली तरी काम थांबत नाही. पैसे नसतील तर माझ्या मते मरतुकड्या रेकॉर्डरपेक्षा वायरीचा माईक लावलेला मोबाइल बरा. फक्त तो फ्लाइट मोडवर ठेवा, आणि माईक तोंडापासून वीतभर अंतरावर.

आता कॅसेटी. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गावोगावच्या बायांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचं 120 तासांहून जास्त ध्वनिमुद्रण केलं. त्यातल्या कित्येक आज 'पारी'च्या संकेतस्थळावर ऐकता येतात. आपल्या आजीची लोखंडी पेटीतली कॅसेट मात्र आपल्यालाच वाचवायची आहे. टेपरेकॉर्डरचा रबरी पट्टा सैल झाला की आवाज लडबडतो. तो पट्टा बदलून मिळतो. हेड स्पिरिटच्या काडीनं पुसा. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून त्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. मग टेपच्या हेडफोनच्या भोकातून रेकॉर्डरच्या लाइन-इनला वायर जोडा, आवाज बेताचा ठेवा आणि चालू करा. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटंच लागतात, तेवढ्यात तूर निवडून होते. उतरवलेलं दोन ठिकाणी ठेवा, एक गटाकडे, एक दुसऱ्या घरी.

आणि नवीन रेकॉर्डिंग करताना सुरुवातीलाच म्हणणारीचं नाव, गाव आणि तारीख बोलून घ्या. ती लाजली तर आधी चहा ठेवा.