टेबलावरचा लॅपटॉप : घ्यावा कसा, वापरावा कसा

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आम्ही म्हणजे मंडळाचं कॉम्प्युटरचं काम बघणारे तिघे. तिघेही राज्य सरकारच्या नोकरीत, तिघेही डिप्लोमावाले. दिवसा खात्याच्या फायली आणि संध्याकाळी मंडळाची सभासद-यादी, वर्गणीच्या पावत्या, स्मरणिकेचा मजकूर. त्यामुळे कुणाकडे लॅपटॉप घ्यायचा ठरला की फोन आमच्याकडे येतो. प्रश्नही ठरलेला असतो, ‘‘कुठल्या कंपनीचा चांगला?’’ त्यावर आम्ही उलट तीन प्रश्न विचारतो. वापरणार कोण? ठेवणार कुठे? आणि किती वर्षं चालवायचा आहे?

उत्तरं बहुतेक घरांत सारखीच येतात. वापरणार सगळे. मुलीचा अभ्यास, मुलाचं कॉलेजचं काम, बाबांची बँक, वहिनींचा शिकवणीचा हिशेब. ठेवणार हॉलमधल्या टेबलावर, जिथे पूर्वी डेस्कटॉप होता. आणि चालवायचा सहा-सात वर्षं, कारण इंदूरच्या आपल्या मध्यमवर्गीय घरात चाळीस-पन्नास हजार पुन्हा लवकर निघत नाहीत. अशा यंत्राला बाजारात ‘डेस्कटॉप रिप्लेसमेंट’ म्हणतात. स्क्रीन मोठा, कीबोर्ड पूर्ण, बसून राहायची जागा टेबल. क्वचित उचलून दुसऱ्या खोलीत किंवा गावाला न्यायचा.

आमचं सांगणं एका वाक्याचं आहे. जे नंतर बदलता येत नाही, ते दुकानात आधी बघा. माउस, बॅग, स्पीकर कधीही घेता येतात. स्क्रीन, कीबोर्ड आणि प्रोसेसर मात्र जे पदरात पडेल त्याच्याबरोबर सहा वर्षं काढायची असतात. जाहिरात नेमकी उलट बोलते. बॅग फुकट, हेडफोन फुकट असं मोठ्या अक्षरांत, आणि रॅम वाढवता येते की नाही हे कुठेच नाही.

आधी स्क्रीन. टेबलावर ठेवायचा तर १५.६ इंच किंवा १६ इंच घ्या. रेझोल्यूशन १९२० बाय १०८० च्या खाली नको. स्वस्तात अजून कुठे कुठे १३६६ बाय ७६८ चा माल दिसतो. इंग्रजी त्यावर वाचता येतं, पण आपल्या देवनागरीत वर अनुस्वार, रफार, मात्रा आणि खाली उकार, जोडाक्षर. बारीक अक्षरात ते एकमेकांत मिसळतात. दुकानात एक मराठी पान उघडून बघा. मग स्क्रीन थोडा पुढे-मागे कलवा. रंग उलटे-काळपट दिसू लागले तर तो जुन्या पद्धतीचा टीएन पॅनेल समजा. आयपीएस पॅनेलमध्ये असं होत नाही. घरात दोघं-तिघं शेजारी बसून बघणार असतील तर हा फरक रोज जाणवतो.

दुसरा कीबोर्ड. उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग, म्हणजे न्युमेरिक पॅड, असलेला घ्या. हिशेबाला तो लागतोच, पण आपल्याकडे त्याचं आणखी एक कारण आहे. इथे कितीतरी टायपिंगचं काम अजून कृतिदेव फॉन्टमध्ये चालतं आणि त्यातली काही जोडाक्षरं ऑल्ट दाबून आकडे टाकल्याशिवाय येत नाहीत. ते आकडे या पॅडवरूनच टाकावे लागतात. शिवाय मध्य प्रदेशात लिपिकवर्गाच्या नोकरीसाठी आपली मुलं सीपीसीटी देतात. त्यात हिंदी टायपिंग रेमिंग्टन गेल किंवा इनस्क्रिप्टवर होतं. रोजचा सराव दाटीवाटीच्या कीबोर्डवर झाला, तर परीक्षेच्या पूर्ण कीबोर्डवर बोटं अडखळतात. दुकानात दहा ओळी टाइप करून बघायला लाजू नका. चप्पल घेताना आपण चालून बघतोच की.

तिसरा प्रोसेसर. इथे नावावर जाऊ नका, आकडा वाचा. नुसतं ‘आय-५’ म्हणजे काही नाही. दहा वर्षांपूर्वीचाही आय-५ होता. इंटेलच्या आय-५-१२३५यू या नावात १२ म्हणजे बारावी पिढी. २०२३ च्या शेवटापासून कंपनीने नव्या मालातून ‘आय’ काढून नुसतं कोर ५, कोर ७ अशी नावं सुरू केली. एएमडीच्या सात हजारांच्या मालिकेत तर खरी गोष्ट तिसऱ्या आकड्यात असते. रायझन ५ ७५२०यू आणि रायझन ५ ७५३०यू शेजारी ठेवले तर जुळे भाऊ वाटतात. पण पहिल्यातला २ म्हणजे झेन २, ही २०१९ साली आलेली रचना. दुसऱ्यातला ३ म्हणजे झेन ३, त्यानंतरची. शिवाय ७५२०यू सोबतची रॅम बोर्डावर पक्की बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. एका आकड्यात एवढं दडलेलं असतं.

शेवटचं अक्षरही बघा. ‘यू’ म्हणजे कमी वीज, कमी उष्णता. घरच्या कामाला पुरेसा. ‘एच’ म्हणजे जास्त ताकद, आणि त्याबरोबर जास्त उष्णता, जास्त आवाज. मुलगा इंजिनीअरिंगला असेल, त्रिमितीय ड्रॉइंग किंवा व्हिडिओचं काम करणार असेल, तरच ‘एच’ कडे जा.

चौथी रॅम. विंडोज ११ ला कागदावर ४ जीबी चालते. पण प्रत्यक्षात ब्राउझरमध्ये दहा पानं उघडली आणि ऑनलाइन वर्ग सुरू झाला की ८ जीबीसुद्धा भरते. १६ जीबी परवडली तर उत्तम. नसेल तर ८ जीबी घ्या, पण दुकानदाराला स्पष्ट विचारा, ‘‘रिकामा स्लॉट आहे का?’’ स्लॉट असेल तर पुढच्या दिवाळीला दुसरी पट्टी टाकता येते, आणि दोन पट्ट्या मिळून काम करायला लागल्या की आतल्या ग्राफिक्सलाही वेग येतो. स्लॉट नसेल तर आज जे आहे तेच शेवटपर्यंत.

पाचवी साठवण. एसएसडीच घ्या, ५१२ जीबीची. ‘ईएमएमसी’ लिहिलेलं दिसलं तर तो लॅपटॉप ठेवून द्या. ती मोबाइलच्या धाटणीची, संथ आणि बोर्डावर पक्की असते.

आता खरेदी. दुकानात जा किंवा घरी मागवा, पण सिल्व्हर मॉलमध्ये एक फेरी मारून माल हाताळून बघा. आणि पक्कं बिल घ्या. लॅपटॉपवर जीएसटी १८ टक्के आहे. म्हणजे ४७,२०० च्या बिलात वस्तूचे ४०,००० आणि कराचे ७,२००. कुणी म्हणेल, ‘‘बिल सोडा, कमी करून देतो.’’ तसं करू नका. बिलावर सिरियल नंबर असतो, वॉरंटीचा वाद त्यावरच सुटतो. घरी आल्यावर तोच नंबर कंपनीच्या साइटवर टाकून वॉरंटी कुठल्या तारखेपासून सुरू आहे ते त्याच दिवशी पाहा.

जुना, म्हणजे रिफर्बिश्ड घ्यायचा असेल तर दोन गोष्टी तपासा. विंडोज १० ची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. त्याच्या आधीचा ‘स्वस्तात मस्त’ मिळत असेल तर तो का स्वस्त आहे ते समजून घ्या. दुसरं, विंडोजमधून बॅटरी रिपोर्ट काढून दाखवायला सांगा. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर नव्या बॅटरीचा खर्च किमतीत धरा.

आता जी गोष्ट सांगतो, ती कृपया लक्ष देऊन ऐका. आपल्याच मंडळातल्या एका घरात नवा लॅपटॉप आला. दुकानातल्या पोराने तत्परतेने सगळं ‘चालू करून’ दिलं, पण स्वतः तयार केलेल्या कुठल्याशा ईमेलवर. वर्ष-दीड वर्ष छान चाललं. एके दिवशी यंत्र दुरुस्त होऊन आलं आणि सुरू होताना ४८ आकडी रिकव्हरी की मागू लागलं. आजकाल विंडोज ११ मध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते, आणि त्या कुलपाची किल्ली ज्या खात्यावर यंत्र चालू केलं त्या खात्यात जमा होते. इथे ते खातं कुणाचं, पासवर्ड काय, कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरगा दुकान सोडून गेला होता. यंत्र पुन्हा कोरं करून चालू झालं, पण आजींच्या आवाजातल्या जुन्या मंगळागौरीच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग त्यातच होतं. आजी आता नाहीत. त्या घरी लॅपटॉपचे पैसे गेल्याचं दुःख कुणीच केलं नाही.

म्हणून तीन नियम. लॅपटॉप घरी, घरच्याच ईमेलवर चालू करा. सोबत ऑफिस आलं असेल तर तेही त्याच खात्याला जोडा. रिकव्हरी की कागदावर लिहून बिलाबरोबर कपाटात ठेवा. आणि जे परत मिळणार नाही, त्याच्या तीन प्रती ठेवा : एक लॅपटॉपमध्ये, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक घराबाहेर, मग ती क्लाउडवर असो की पुण्याच्या आत्याकडे. दर महिन्याच्या संकष्टीला हार्ड डिस्क जोडायची असं ठरवलंत तर तारीख विसरणार नाही.

वापराबद्दल थोडक्यात. लॅपटॉप गादीवर, उशीवर ठेवू नका. हवा बहुतेक खालून आत जाते. ती बंद झाली की यंत्र तापतं आणि तापलं की संथ होतं. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तर जपाच. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला येईल असा स्टँड लावा, नाहीतर जाडजूड पुस्तकं ठेवा, आणि वेगळा कीबोर्ड-माउस जोडा. हजार-बाराशेत मान वाचते. जुन्या डेस्कटॉपचा मॉनिटर चालू असेल तर त्याचं सॉकेट बघून तोही जोडा. दोन स्क्रीन झाले की कामाचा वेग वाढतो.

टेबलावरचा लॅपटॉप दिवसभर चार्जरला लावलेला असतो. बॅटरी सतत शंभर टक्के भरलेली आणि गरम राहिली की लवकर म्हातारी होते. बहुतेक कंपन्यांच्या सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर थांबायची सोय असते, ती चालू करा. पावसाळ्यात लाइट जाते-येते तेव्हा हीच बॅटरी यूपीएसचं काम करते. डेस्कटॉपपेक्षा हा मोठा फायदा. पण टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगला, तर बॅटरी फुगली आहे. लगेच बंद करून दुरुस्तीला न्या. स्वतः उघडू नका.

घरातल्या प्रत्येकाचं वेगळं खातं करा. मुलांच्या खात्याला नवे प्रोग्राम टाकायचा अधिकार देऊ नका. आणि नोकरदार बंधू-भगिनींना आमची हात जोडून विनंती, कार्यालयाची फाइल घरच्या लॅपटॉपवर आणू नका. ती आपली नसते.

शेवटचा मुद्दा पैशाचा नाही. लॅपटॉप घेतल्या दिवशी त्यात मराठी कीबोर्ड जोडा. सेटिंगमध्ये भाषा या भागात मराठी मिळते, एक पैसा लागत नाही. हिंदीवर भागतं असं पुष्कळ जण म्हणतात. भागतं, पण अर्धवट. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. इनस्क्रिप्टमध्ये ‘जे’च्या कळीवर र आहे आणि शिफ्ट दाबून तीच कळ दाबली की तो दुसरा, ऱ. एवढी एक कळ मुलांना माहीत नसेल तर ती दोन्ही शब्द सारखेच लिहितील आणि पुढे सारखेच वाचतील. आणि जे नवं लिहाल ते युनिकोडमध्ये लिहा. कृतिदेवमधला मजकूर फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. मंडळाच्या जुन्या फायली उघडताना आम्ही हा चिवडा पुष्कळ खाल्ला आहे. आपल्या नातवंडांना तो वाढू नये.

घरी मराठी बोलणारी आपली मुलं शाळेत हिंदी-इंग्रजीत लिहितात. त्यांनी मराठीत एखादं पत्र, एखादी गोष्ट लिहावी अशी आपली इच्छा असेल, तर ती कळ त्यांच्या बोटाखाली असली पाहिजे. हॉलमधल्या टेबलावर आजोबा सांगताहेत आणि नात टाइप करते आहे, एवढं झालं तरी त्या चाळीस-पन्नास हजारांचं सोनं झालं.

अनंत चतुर्दशीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी पोह्यांच्या वेळेला आम्ही तिघे मंडळाच्या कार्यालयात बसणार आहोत. ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी मॉडेलचा पूर्ण नंबर लिहून आणावा. ज्यांच्याकडे आहे त्यांनी लॅपटॉप, चार्जर आणि एक रिकामी हार्ड डिस्क आणावी. मराठी कीबोर्ड आणि पहिली प्रत, दोन्ही तिथेच करून देऊ. फी नाही. पोहे मात्र कुणीतरी आणावेत.

 गणपती बाप्पा मोरया!