पायाची जखम आणि हत्तीपाय



मी डॉक्टर नाही, बँकेत कारकून आहे. दर महिन्याला पेन्शनसाठी एक आजी आमच्या काउंटरवर येतात. एक पाय सुजून खांबासारखा झालेला. लुगड्याचा घोळ त्यावर ओढून त्या उभ्या राहतात. "नशिबाचा भोग आहे बाबू," असे त्या एकदा म्हणाल्या. हा भोग नाही, आजार आहे, एवढेच सांगण्यासाठी मी उभा आहे.

नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या आपल्या भागात हत्तीरोग जुना आहे. घाण पाण्यात वाढणाऱ्या क्युलेक्स डासामुळे धाग्यासारखे जंत शरीरात येतात आणि लसीकावाहिन्यांत राहून त्या बिघडवतात. पेशींभोवतीचे पाणी गोळा करून, गाळून परत रक्तात सोडणे हे या वाहिन्यांचे काम. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्या आयाबायांना ठाऊक होते. ती गाठ म्हणजे या वाटेवरची चौकीच होय.

वाहिन्या निकामी झाल्या की पाणी पायात साचते आणि जंतूंना अडवणारे कोणी उरत नाही. चिखल्यांतून, टाचेच्या भेगांतून जंतू शिरतात. पाय लाल होतो, ठणकतो, थंडी वाजून ताप येतो. प्रत्येक तापानंतर आणखी वाहिन्या बिघडतात, सूज वाढते आणि पुढच्या जखमेला वाट मिळते.

हे चक्र घरीच तोडता येते. रोज साबणाने पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, चिखल्यांना मलम लावा, चप्पल घाला, बसताना पाय उंच ठेवा. ताप आला तर पाय चोळू नका, दवाखान्यात जा. मोहिमेत घरोघरी मिळणाऱ्या गोळ्या कर्मचाऱ्यासमोरच गिळा. दोन वर्षांखालील मुले, गरोदर स्त्रिया व गंभीर आजारी यांना त्या देत नाहीत.

विद्यार्थी मित्रहो, हा रोग शिवल्याने होत नाही. वस्तीत असा रुग्ण असेल तर त्याच्याजवळ बसा, बादलीभर पाणी आणून द्या.

आजींना मी हे सारे सांगितले. सूज गेली नाही; पण गेल्या पावसाळ्यात एकदाही ताप आला नाही, असे त्या सांगत होत्या. त्या दिवशी त्यांनी पायावर लुगडे ओढले नव्हते.